दहा हजारांचं कर्ज आणि बत्तीस एकर माळ: यातून देशाचा उद्योग उभा राहिला म्हणजे नेमकं काय झालं?

फाइलवाला

सहकारी बँकेत कर्ज विभागात आहे. छोट्या कारखानदारांच्या फाइली माझ्या टेबलावरून जातात. परवा मिरजेहून पुण्याला येताना किर्लोस्करवाडीला गाडी क्रॉसिंगसाठी वीसेक मिनिटं उभी राहिली, तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घोळतोय.

या स्टेशनचं जुनं नाव कुंडल रोड. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर इथे आले तेव्हा बत्तीस एकर माळ होता, त्यावर निवडुंग, आणि पाण्याची मारामार. त्याआधी बेळगावात त्यांचं बस्तान बसत आलं होतं. १८८८ साली भावाबरोबर सायकलचं दुकान, मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. तिथल्या नगरपालिकेला गाव वाढवायला ती जागा हवी झाली आणि कारखाना उठवावा लागला. औंधच्या राजांनी जागा दिली, दहा हजार रुपयांचं कर्जही मिळालं.

आता ही फाइल माझ्याकडे आली असती तर? अर्जदाराचं वय चाळीस. मुंबईला जे. जे.त चित्रकला शिकायला गेले, रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून सोडली. मेकॅनिकल ड्रॉइंग शिकले, मास्तरकी केली, तीही सोडली. कारखान्याची जागा ओसाड. कच्चा माल रेल्वेने येणार. उत्पादन: नांगर, ज्याबद्दल गिऱ्हाईकच म्हणतं की लोखंडाने जमिनीत विष उतरतं. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागलेली. मी शेरा मारला असता 'नामंजूर', आणि नियमाने माझं काही चुकलं नसतं.

आमच्या साहेबांना हे बोललो तर म्हणाले, "राष्ट्रबिष्ट हे सगळं शतकमहोत्सवाच्या स्मरणिकेत लिहितात. माणसाने धंदा केला, चालला, विषय संपला." उलट भाषणांतून ऐकावं तर एकेक उद्योगपती जणू खांद्यावर देश घेऊन चाललेला. मला दोन्ही पटत नाही. माझा प्रश्न एवढाच: एका माणसाचा कारखाना चालणं आणि देशाचा उद्योग उभा राहणं, या दोन्हींच्या मध्ये नेमकं काय घडतं? कारखान्यात काम केलेल्या कुणी सांगितलं तर फार बरं.

इतिहासाची वही

व्यक्तिपूजेच्या मी विरोधात आहे, म्हणून टाटांच्या पोलादाचं उदाहरण देतो. जमशेटजी १९०४ मध्येच गेले. कंपनी निघाली १९०७ मध्ये आणि साकचीला पहिलं पोलाद १९१२ मध्ये ओतलं. भांडवल लंडनमध्ये मिळेना, ते इथल्या सुमारे आठ हजार लोकांनी तीन आठवड्यांत भरलं. पुढे महायुद्ध आलं. मेसोपोटेमियात सैन्यासाठी रूळ लागले, ते साकचीहून गेले. १९१९ मध्ये व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांनी गावाचं नाव जमशेदपूर केलं ते त्या उपकाराची जाण ठेवून. युद्ध संपलं, बाहेरचं स्वस्त पोलाद येऊन धडकलं आणि कंपनी मरायला टेकली. १९२४ मध्ये आयातीवर संरक्षक जकात बसली तेव्हा श्वास मोकळा झाला.

म्हणजे बघा: भांडवल लोकांचं, गिऱ्हाईक सरकार, वाचवलं जकातीने. यात 'एक माणूस' किती टक्के?

मावळातून

आमच्या बाजूलाही याच टाटा घराण्याचं नाव घेतात, पण वेगळ्या सुरात. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून मुळशीला धरण आलं. १९२१ मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तीन वर्षं चालला, लोक तुरुंगात गेले आणि धरण झालंच. पाण्याखाली गेली ती आंबेमोहोराची खाचरं. 'देशाचा उद्योग' म्हणताना त्या देशात आम्ही धरलेले असतो का, एवढंच विचारायचंय. बाकी चालू द्या.

बिडाचं ओतकाम

फाइलवाले भाऊ, कारखान्यातल्या कुणी सांगावं म्हणालात म्हणून लिहितो. मी कोल्हापूरचा, पॅटर्नमेकर. १९७४ ला सतराव्या वर्षी उद्यमनगरात एका फौंड्रीत लागलो, चार वर्षांमागं काम सोडलं. टायपिंग नातीनं शिकवलंय, चुका पोटात घाला.

आधी पॅटर्न म्हणजे काय ते सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कुठलीही वस्तू ओतायची तर आधी ती लाकडात करावी लागते. आमच्या वेळी सागवान. ते लाकूड वाळूत दाबायचं, अलगद उचलायचं, राहिलेल्या पोकळीत रस ओतायचा. सोपं वाटतं, पण बीड थंड होताना आकसतं, फुटाला साधारण एक अष्टमांश इंच. म्हणून लाकूड तेवढं मोठं करायचं. त्यासाठी आमची पट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा लांब. मग उभ्या बाजूंना किंचित ढाळ द्यायचा, नाहीतर लाकूड उचलताना वाळूची कड तुटते. शिवाय जिथं लेथवर कापायचं तिथं अंगावर जादा माल ठेवायचा. म्हणजे पॅटर्नमेकर सगळा दिवस अशी वस्तू करत असतो जी मुद्दाम चुकीच्या मापाची असते. लग्न झाल्यावर बायकोनं एकदा पडद्याचं माप घ्यायला माझी पट्टी घेतली होती. पडदे आखूड झाले.

मला हे शिकवलं आमच्या मिस्त्रींनी. ते शिकले त्यांच्या मिस्त्रींकडं आणि ते थोरले मिस्त्री वाडीचे, म्हणजे तुमची गाडी थांबली त्याच किर्लोस्करवाडीचे. थोरल्यांना मी पाहिलेलं नाही. आमच्या मिस्त्रींकडून ऐकलेलं एवढंच की त्यांचे वडील गावचे बलुतेदार सुतार. लाकडी नांगर घडवायचे, सुगीला खळ्यावर जाऊन वाट्याचं धान्य आणायचे. आता विचार करा. लोखंडी नांगर गावात आला म्हणजे पोटावर पाय कुणाचा पडला? त्या सुताराचाच. आणि त्याच सुताराचा पोरगा लोखंडी नांगराच्या कारखान्यात लाकूडकाम करायला लागला. वाकस तोच, पटाशी तीच, हात तोच. फक्त बापाला जू, रुमणं, इसाड डोळ्यानं जमायचं आणि पोराला एक अष्टमांश इंच कळायला लागला.

का कळायला लागला, तर फाळामुळं. लाकडी नांगराचं काही मोडलं तर गावात सुतार आहे, तो ठोकून बसवतो. कारखान्याचा फाळ झिजला तर शेतकरी दुकानातून नवा आणणार आणि तो भोकाला भोक बसला पाहिजे. बांधावर उभा राहून तो कानस घासत बसणार नाही. म्हणजे आज ओतलेला फाळ आणि दोन वर्षांनी ओतलेला फाळ एका मापाचा पाहिजे. कुठल्याही गावच्या सुतारानं किंवा लोहारानं असं काम त्याआधी कधी केलं नव्हतं, कारण कुणी मागितलंच नव्हतं. लक्ष्मणरावांनी नांगर केला हे सगळे सांगतात. मला विचाराल तर त्यांनी 'तसाच दुसरा' करणारी माणसं केली. शाळा सोडलेल्या अनंतराव फळणीकरांना त्यांनी यंत्राच्या कामात घातलं, शंभोराव जांभेकरांवर वसाहतीचा कारभार टाकला, तुरुंग भोगून आलेल्या तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांना रात्रीची राखण दिली. मास्तरकी सोडली म्हणता, मी तर म्हणेन ती सुटलीच नाही.

'इतिहासाची वही' म्हणतात ते सगळं खरं. जकात पाहिजे, युद्ध पाहिजे, लोकांचा पैसा पाहिजे. पण जकात बसली म्हणून मोल्डरला, म्हणजे वाळूचा साचा भरणाऱ्याला, वाळूत पाणी किती घालायचं ते कळत नाही. ओली झाली की वाफ कोंडून भोकं पडतात, सुकी राहिली की साचा ढासळतो. मूठ दाबून मोडून बघायची, कड स्वच्छ तुटली म्हणजे झालं. हे कुठल्याही सरकारी धोरणात लिहिलेलं नसतं. हे एका मुठीकडून दुसऱ्या मुठीकडं जातं. आणि त्यासाठी मुठी एकत्र येतील अशी शेड कुणीतरी उभी करावी लागते, भट्टीला काम आणावं लागतं, पगार व्हावा लागतो.

आता माझी गोष्ट. ८३ का ८४ साल असेल. आम्ही पंपाचं कास्टिंग करायचो. जतच्या बाजूनं तक्रारी यायला लागल्या, डिलिव्हरीच्या, म्हणजे पाणी बाहेर पडायच्या तोंडाच्या फ्लँजचा कान तुटतोय म्हणून. डीलर म्हणाला तुमचं बीड कच्चं. आम्ही तुटका तुकडा मागवला. तुटलेला भाग बघितला, एकसारखा राखी, एक भोक नाही. बीड चांगलं होतं. याआधी मी ज्या फौंड्रीत होतो (नाव नको) तिथले मालक अशा वेळी 'गिऱ्हाईक हाताळायला चुकलं' असं पत्र टाकून मोकळे व्हायचे. हे मालक म्हणाले, "जा, बघून ये. भत्ता घे." मी पॅटर्नमेकर, माझा आणि गिऱ्हाइकाचा काय संबंध? पण एसटीत बसवलं.

दुपारी तीनला पोचलो. विहीर पन्नास-साठ फूट, आतून कातळ, मध्ये मध्ये टप्पे काढलेले. पंप पाण्यापासून वीस-बावीस फुटांच्या आत लागतो, त्याहून वर पाणी ओढत नाही. म्हणजे पाणी खाली गेलं की पंपही खाली न्यायचा. शेतकरी गावाला गेला होता, घरच्या बाई होत्या. त्या म्हणाल्या, "दरसाल तीनदा खाली उतरवतो, पाऊस पडला की वर काढतो. पण याला धरायचं कुठं?"

मी बघितलं. खरंच, धरायला जागाच नव्हती. चाळीसेक किलोचा पंप, सगळीकडून गोल. म्हणून ते लोक दोर डिलिव्हरीच्या मानेला बांधून सोडायचे. तो फिरायचा, कातळावर आपटायचा आणि कान तुटायचा. इंग्लंडच्या कुठल्या तरी पंपाला बघून कुणी ड्रॉइंग केलं असेल. तिथं पंप एकदा बसवला की बसला. वर्षातून तीनदा विहिरीत उतरणारा पंप त्या ड्रॉइंग करणाऱ्याच्या स्वप्नातही आला नसेल.

परत येऊन कास्टिंगच्या डोक्यावर दोन कडे ठेवले, दोर ओवायला. पहिल्या बारांतले सात टेस्टिंगला गळले. कडे जाड झाले होते. जाड भाग उशिरा थंड होतो, तोवर आजूबाजूचा रस गोठलेला असतो, आकसताना भर मिळत नाही आणि मुळाशी पोकळी राहते. चार दिवस डोकं लावून कड्याचं बूड पातळ केलं, आत गोलाई दिली. मग जमलं. कास्टिंगमागं बीड वाढलं पावशेर-अर्धा किलो, तक्रार पूर्ण बंद.

आणि आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पुढच्या दिवाळीपर्यंत उद्यमनगरात चार फौंड्र्यांच्या पंपांना कडे आले. आमचाच एक मोल्डर दीडशे रुपये जास्त पगारावर दुसरीकडं गेला होता. बूड पातळ कसं करायचं ते तो खिशात घालूनच गेला. मालकांनी दोन दिवस त्याच्या सात पिढ्या काढल्या. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "आता दुसरं काय करायचं ते बघ." त्यांच्या वहीत हा सगळा व्यवहार तोट्यात दिसतो: भत्ता, सात वाया गेलेली कास्टिंगं, गेलेला मोल्डर, उतरलेला भाव. जिल्ह्याच्या वहीत मांडला तर पाच कारखान्यांना दोर बांधता येईल असा पंप करता यायला लागला. त्या दोन वह्यांमधला जो फरक, तो तुमच्या प्रश्नात विचारलेला 'मध्ये घडणारा' भाग. तो कुणी ठरवून करत नाही. आमचे मालक काही देशभक्तीनं कडे लावत नव्हते, त्यांना तक्रारीचा राग यायचा.

मावळातल्या दादांना: तुमचं बोलणं मी टाळून पुढं गेलो असं समजू नका. त्या सुताराचा पोरगा कारखान्यात गेला, पण गावातल्या सगळ्या सुतारांचे पोरगे गेले नाहीत. खाचर पाण्याखाली गेल्यावर पॅटर्नमेकर होता येत नाही. याला माझ्याकडं जबाब नाही.

फाइलवाला

काका, दोन वेळा वाचलं. एक शंका. मोल्डर जातो, डिझाइन जातं, भाव पडतो, तर मग शहाणा माणूस यात पडेलच कशाला? आणि पडला तर टिकतो कसा?

गोदीकर

काकांच्या आधी मी बोलतो. 'टिकतो कसा' याचं उत्तर कधीकधी 'टिकत नाही' असंच असतं.

वालचंद हिराचंद मूळ सोलापूरचे. १९१९ मध्ये सिंदिया ही जहाज कंपनी काढली आणि ग्वाल्हेरच्या महाराजांकडचं 'लॉयल्टी' नावाचं जुनं जहाज घेतलं. महायुद्धात ते रुग्णांचं जहाज होतं, त्याआधी 'एम्प्रेस ऑफ इंडिया' म्हणून पॅसिफिकमध्ये धावलेलं. ५ एप्रिल १९१९ ला ते मुंबईहून लंडनला निघालं. तो दिवस आज आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. पण धंदा म्हणून बघाल तर? जहाज म्हातारं, आणि समोर ब्रिटिश कंपन्या भाडी पाडून बसलेल्या. चार वर्षांत 'लॉयल्टी' मोडीत निघालं आणि सिंदियाला प्रतिस्पर्ध्याशी करार करून किनारपट्टीच्या वाहतुकीवर समाधान मानावं लागलं. आजच्या भाषेत सांगायचं तर स्टार्टअप पहिल्या फेरीतच आपटलं.

तरी तोच माणूस पुढे १९४० मध्ये बंगळूरला म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत विमानाचा कारखाना काढतो, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीची गोदी सुरू करतो. युद्धाच्या धामधुमीत विमानाचा कारखाना सरकारने ताब्यात घेतला, तेच आजचं एचएएल, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्स. गोदीतून १९४८ च्या मार्चमध्ये 'जलउषा' पाण्यात उतरलं, नेहरूंच्या हस्ते. पुढे ती गोदीही सरकारची झाली. म्हणजे आयुष्यात उभ्या केलेल्या मोठ्या गोष्टींतल्या दोन त्यांच्याकडे राहिल्याच नाहीत. चालू मात्र राहिल्या. बँकेने याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

मी गोदीत वेल्डर म्हणून होतो, विशाखापट्टणमला नाही, मुंबईत. काकांचं 'मुठीकडून मुठीकडं' वाचून हसू आलं. आमच्याकडे तेच, फक्त मुठीऐवजी कान. वेल्ड बरोबर चालला असेल तर आवाज सलग येतो, तेलात काही तळतंय तसा. तुटक आला की उस्ताद लांबूनच ओरडायचा.

सांगलीची माहेरवाशीण

गिऱ्हाईक हेही कुणीतरी तयार करावं लागतं, ते राहून जातंय.

आमच्या आजीकडे जुन्या 'किर्लोस्कर'चे आणि 'स्त्री'चे बांधीव अंक होते, वाळवी लागेपर्यंत. मासिक सुरू झालं १९२० मध्ये, 'किर्लोस्कर खबर' म्हणून, म्हणजे मूळ कारखान्याचं खबरपत्रच. शंकरराव किर्लोस्कर संपादक. त्यांना बहुतेक आधी नांगरच विकायचा असेल! पण खेड्यात नांगराची माहिती वाचायची तर वाचता येणारं माणूस हवं, आणि वाचणारा सारखं नांगराचंच कशाला वाचेल? दहा वर्षांनी 'स्त्री' निघालं. आजी म्हणायची की तिच्या सासरी पेपर येत नव्हता, पण हे मासिक यायचं, आणि ते पुरुषांच्या आधी तिच्या हातात पडायचं कारण पोस्टमन दुपारी यायचा. लोखंडाने जमीन नासते म्हणणाऱ्या घरात हा कागद कसा शिरला असेल, याचं मला नेहमी कुतूहल वाटतं.

तळेगावचा पैसा फंड याच कुळातला. अंताजी काळ्यांनी माणशी एक पैसा गोळा करून काच कारखाना उभा केला. पैसा देणाऱ्याला नफ्याचं काही पडलेलं नसेल, पण आपल्या पैशाची काच कुठेतरी होतेय हे त्याला माहीत होतं. आठ हजार भागधारक आणि पैसापैसावाले हे सगळे मला एकाच रांगेत दिसतात.

बिडाचं ओतकाम

गोदीकर, तेलात तळल्यासारखा आवाज, अगदी बरोबर. आमच्याकडं रस ओतताना साचा भरत आला की आवाज बदलतो, घागर भरत आल्यावर होतो तसा.

फाइलवाले भाऊ, शहाणा माणूस यात पडेल कशाला, याला माझ्याकडं शहाण्यासारखं उत्तर नाही. आमचे मालक रविवारी सुद्धा यायचे, भट्टी बंद असायची तरी. शेडमध्ये फिरायचे, हातात काहीतरी उचलायचे, खाली ठेवायचे. एकदा विचारलं, साहेब, घरी बरं नाही वाटत का? म्हणाले, "घरी सगळं झालेलं असतं रे." लक्ष्मणरावांचं मला माहीत नाही, पण चाळिशीत चालता कारखाना मोडून निवडुंगाच्या माळावर जाणारा माणूस फार हिशोब करून गेला असेल असं वाटत नाही. आणि हिशोब करणारी माणसं त्यानं शेजारी बसवली होती, हेही खरं. मंगेशराव रेगे वह्या सांभाळायला होतेच.

टिकायचं म्हणाल तर एकच बघितलंय: नक्कल व्हायला लागते तोवर पुढची तक्रार हातात असली पाहिजे. कड्यांनंतर आम्ही फूटव्हॉल्व्हकडं, म्हणजे विहिरीतल्या पाइपच्या खालच्या टोकाच्या झडपेकडं वळलो. ती गोष्ट लांब आहे.

फाइलवाला

सगळ्यांचे आभार. आता खरं सांगतो. माझ्या टेबलावर सध्या एक फाइल आहे. अर्जदार आधी एका फौंड्रीत सुपरवायझर होता. आता स्वतःची छोटी शेड टाकलीय, मोल्डिंगचं मशीन घ्यायचंय. ताळेबंद दोनच वर्षांचे, दुसऱ्या वर्षी नफा कमी झालाय, तारण जेमतेम. नियमाने बघितलं तर माझं पेन 'नामंजूर'कडे जातंय, पण शेड बघायला जायचा अधिकार मला आहे. गेलो तर काय बघू? बॅलन्सशीट वाचता येते, फौंड्री वाचता येत नाही.

बिडाचं ओतकाम

जा. पण कळवून जाऊ नका, आणि सकाळी जाऊ नका. रस ओततात त्या वेळी जा, बहुतेक ठिकाणी दुपारनंतर ओततात. त्या वेळी मालकाला तुमच्याशी गोड बोलायला सवड नसते.

पहिल्यांदा रिजेक्शनचा ढीग शोधा. प्रत्येक फौंड्रीत असतो, नाही म्हणणारा खोटं बोलतो. शेडच्या मागं गोणपाटाखाली असेल तर मालकाला त्याची लाज वाटते, आणि परत भट्टीत टाकून तो विसरून जाणार. वाटेतच मांडून ठेवला असेल, तुकड्यांवर खडूनं तारीख आणि कारण लिहिलं असेल, तर थांबा, त्यातला एक उचला आणि विचारा हे कशानं झालं. मालकाकडं बघू नका. शेजारी जो मोल्डर असेल त्याच्याकडं बघा. तो आपणहून बोलायला लागला तर माणूस शिकवणारा आहे. मालकाच्या तोंडाकडं बघून गप्प बसला तर मग ताळेबंदच बघा.

मग वाळू. मूठभर घेऊन दाबा, मोडा. कड बघा. एवढं तुम्हालाही येईल.

पॅटर्न कुठं ठेवलेत ते बघा. भिंतीशी पावसात भिजत पडलेत की फळीवर, नंबर टाकून? लाकूड फुगलं की माप गेलं.

आणि दुसऱ्या वर्षी नफा का कमी झाला ते विचारा. माल वाया गेला म्हणाला तर कुठला, किती, ते बघा. त्यानं जर नवीन काहीतरी करून बघताना घालवला असेल तर तो तुकडा त्यानं जपून ठेवलेला असणार. दाखवायला सांगा.

जाताना बूट घाला, चप्पल नको. आणि टेरिकॉटचा शर्ट घालू नका, ठिणगी उडाली की चिकटतो.